आपल्या सर्वांचे लाडके

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही वाक्य स्वतःचं म्हणून लिहिलं नाही, त्याच्याकडे बायकोने निवृत्तीची भेट म्हणून चार ओळी मागाव्यात, याला योगायोग म्हणायचं की सूड, हे सेक्रेटरींना बरेच दिवस ठरवता आलं नाही.

सेक्रेटरी म्हणजे इमारतीच्या रहिवासी मंडळाचे सेक्रेटरी. त्याआधी ते एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते आणि तिथे त्यांची ख्याती अशी की, कुठल्याही प्रसंगाचा मसुदा त्यांच्या खणात तयार असायचा. बदली, बढती, बाळंतपणाची रजा, अभिलेख कक्षात शिरलेली घूस, सगळ्याचा मसुदा. नाव आणि तारीख घातली की कागद वर जायला मोकळा. जगात नवं असं काही घडतच नाही, नावं तेवढी बदलतात, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं आणि त्या तत्त्वज्ञानावर त्यांनी पेन्शनही मिळवली. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला त्यांनी जे पहिलं पत्र लिहिलं, त्याची सुरुवात 'आपले पत्र मिळाले, मजकूर अवगत झाला' अशी होती. शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी रवाना' आणि खाली लफ्फेदार सही. बाईंनी तरीही लग्न केलं. पुढे त्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स म्हणून टिकल्या, यात नवल ते काय? असाध्य दुखण्यांची भीती त्यांना पहिल्यापासूनच नव्हती.

इमारतीतले सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणत. कोणाला ताप आला की सिस्टर, कोणाचं पोर पडलं की सिस्टर. तर या सिस्टर एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवत म्हणाल्या, "अहो, महिनाअखेरीला मी सुटते बरं का."

"अभिनंदन," सेक्रेटरी म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडात कायम तयार असे.

"ते राहू द्या. मला घड्याळ नको, दागिना नको. इमारतीच्या त्या पेजवर माझ्यावर चार ओळी लिहा. माझ्या रुग्णालयातल्या पोरीही वाचतील. पण तुमच्या हं. खणातल्या नकोत."

सेक्रेटरींनी मान हलवली. पेन्शनीत बसलेल्या माणसाकडे कुणी दागिना मागितला नाही म्हणून सुटकेचा निःश्वास सोडला आणि चहा प्यायले. आपण नेमकं काय कबूल केलं, ते त्यांच्या लक्षात यायला दुपार उजाडली.

आता हे पेज काय प्रकरण होतं? समोरच्या इमारतीचं पेज होतं, म्हणून या इमारतीचंही होतं. याहून भक्कम कारण मानवजातीला आजवर सापडलेलं नाही. पेज चालवायचं काम अर्थातच सेक्रेटरींकडे आलं, कारण मंडळात जे काम कुणालाच नको असतं, त्याला 'सेक्रेटरींचे अधिकार' म्हणतात. पाण्याची टाकी धुणार, एवढं कळवायला त्यांना अख्खी दुपार लागे. पहिल्या परिच्छेदात टाकीचा इतिहास, दुसऱ्यात संदर्भ. मजकूर पेजवर चढेपर्यंत टाकी धुऊन वाळलेली असे. आणि अशा माणसाला बायकोवर चार ओळी लिहायच्या होत्या!

अशा अडचणीच्या वेळी देव माणसाकडे मेहुणा पाठवतो. का पाठवतो, ते देवालाच ठाऊक. सिस्टरांचा धाकटा भाऊ एका जाहिरात कंपनीत होता. त्याच्या कार्डावरचा हुद्दा इतका लांबलचक होता की तो नेमकं काय करतो, हे विचारायची कुणाची छाती होत नसे. त्याने सेक्रेटरींना फोनवर एका बोटाने टाइप करताना पाहिलं आणि त्याला गहिवरून आलं.

"भाऊजी, तुम्ही पोस्ट लिहिता?"

"मग काय करायचं?"

"पोस्ट लिहायची नसते हो. भरायची असते. टेम्प्लेट करायचं. एकदा रंग ठरला, मजकूर ठरला, फोटोच्या जागा ठरल्या की झालं. प्रसंग आला की रिकाम्या जागा भरायच्या आणि द्यायचं सोडून. एकदा बनवा, जन्मभर वापरा."

सेक्रेटरींचे डोळे पाणावले. आपण आयुष्यभर केलं ते काम आता तरुण मुलं काळे चष्मे लावून, थंडगार ऑफिसात बसून करतात आणि त्याला भारी नाव आहे, हे ऐकून त्यांचा ऊर भरून आला. त्यात मनातल्या मनात त्यांनी एक छोटा हिशेबही करून टाकला. एकदा टेम्प्लेट झालं की बायकोच्या चार ओळीही त्यातूनच निघतील. हिच्या फर्माइशीवर परस्पर तोडगा! इथेच घोडं पेंड खाणार होतं, पण ते त्यांना कुठून कळावं?

टेम्प्लेटसाठी मंडळाची बैठक भरली. पार्श्वभूमीचा रंग कोणता, या प्रश्नावर दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक पाऊण तास बोलले. निळ्याने मन खिन्न होतं, लाल भडकपणाचा, हिरव्याने भूक मरते. त्यांच्या घराच्या भिंती हिरव्या होत्या आणि तिघंही माणसं चांगली भरलेली होती, पण ते कुणी बोललं नाही. शेवटी रंग पिवळा ठरला, कारण तोवर सगळ्यांना घरी जायचं होतं.

मग अध्यक्ष बोलले. अध्यक्षांचं फरश्यांचं मोठं दुकान होतं. "पोस्टमध्ये माणूस दिसला पाहिजे," ते म्हणाले.

"कोणता माणूस?" प्राध्यापकांनी विचारलं.

"आता ते मी कसं सांगू? समजा, मी."

एकट्या अध्यक्षांचा फोटो बरा दिसणार नाही, तोल राहणार नाही, असं मेहुण्याचं मत पडलं. म्हणून डाव्या गोलात अध्यक्ष, उजव्या गोलात सेक्रेटरी आणि मधल्या गोलात प्रसंगी जो कोणी असेल तो. सेक्रेटरी 'छे छे, माझा कशाला' असं तीनदा म्हणाले आणि चौथ्यांदा म्हणायच्या आत त्यांनी खिशातून फोटो काढला. तो त्यांनी सहज म्हणून बरोबर ठेवला होता.

राहता राहिला मजकूर. तो सर्वांनी मिळून लिहिला आणि तो तसा दिसतही होता:

'आपल्या सर्वांचे लाडके (इथे नाव) यांनी (इथे काय केले ते), याबद्दल रहिवासी मंडळातर्फे (अभिनंदन, दिलगिरी इत्यादी). त्यांचे हे कार्य सर्वांना प्रेरणादायी असून आम्हीही त्यांच्याच पावलावर पाऊल टाकण्याचा प्रयत्न करू.'

'लाडके' हा शब्द अध्यक्षांचा, 'प्रेरणादायी' प्राध्यापकांचा. पावलं कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वेगवेगळ्या प्रसंगांना वेगवेगळी टेम्प्लेटं करावीत, अशी सूचना तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंनी केली. तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे, बैठक अजून लांबवणाऱ्या बाईकडे बघावं, तसं बघितलं. उद्या कुणी मनमानी करू नये म्हणून प्राध्यापकांनी ठराव मांडला की, पेजवर टेम्प्लेटशिवाय काहीही जाणार नाही, आणि टेम्प्लेटात काना-मात्रेचाही बदल करायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. ठराव एकमताने संमत झाला. ठराव एकमताने संमत झाला की समजावं, कुणीच ऐकत नव्हतं.

सुरुवात झकास झाली. चौथ्या मजल्यावरची मुलगी परीक्षेत पहिली आली. मधल्या गोलात मुलगी, दोन्ही बाजूंना दोन प्रौढ गृहस्थ. आम्हीही तिच्या पावलावर पाऊल टाकू, असं दोघांनी जाहीर केलं. अध्यक्षांनी स्वतः तीन प्रयत्नांत शाळा संपवली होती, पण भावना चांगली होती. अभिनंदनाचा पाऊस पडला. सेक्रेटरी आरामखुर्चीत मागे रेलून सिस्टरांना म्हणाले, "बघ, दोन मिनिटांत झालं."

"ते दिसतंय," सिस्टर म्हणाल्या. "माझं काय झालं?"

"तुझं कामही त्याच मार्गावर आहे," सेक्रेटरी म्हणाले. कार्यालयात या वाक्यावर त्यांनी लोकांना वर्षानुवर्षं घरी पाठवलं होतं.

मग पाण्याचा पंप बिघडला. ठराव म्हणजे ठराव. दुसऱ्या दिवशी सकाळी पेजवर मजकूर झळकला: 'आपल्या सर्वांचे लाडके पाण्याचा पंप यांनी आजपासून पूर्णपणे बंद पडून दाखवले, याबद्दल रहिवासी मंडळातर्फे दिलगिरी. त्यांचे हे कार्य सर्वांना प्रेरणादायी असून आम्हीही त्यांच्याच पावलावर पाऊल टाकण्याचा प्रयत्न करू.' मधल्या गोलात पंप. त्याच्या दोन्ही अंगांना अध्यक्ष आणि सेक्रेटरी असे हसत होते, जणू पंप त्यांनी दोघांनी मिळून बिघडवला होता.

खाली लोकांनी लिहिलं, 'हार्दिक अभिनंदन!' 'असेच यश मिळत राहो.' 'इमारतीची मान उंचावली.' पिवळा रंग आणि तीन गोल दिसले की अभिनंदन ठोकायचं, एवढं लोकांना पाठ झालं होतं. पाणी मात्र एकानेही भरून ठेवलं नाही. थोड्याच वेळात तोंडाला साबण लावलेले प्राध्यापक टॉवेलवर सेक्रेटरींच्या दारात उभे.

"पाणी गेलं! कळवायची काही पद्धत?"

"कळवलं की. तुम्ही अभिनंदनही केलंत."

"केलं ना? मग झालं तर! वर वाचायचीही अपेक्षा आहे का?" प्राध्यापकांनी एक डोळा उघडायचा प्रयत्न केला आणि तो झोंबल्यामुळे परत मिटला. सिस्टरांनी आतून तांब्याभर पाणी आणून त्यांच्या डोक्यावर ओतलं. इमारतीत त्या दिवशी झालेलं तेवढंच उपयोगी काम.

इथवर गमतीवारी गेलं. पण मग तळमजल्यावरचे आजोबा वारले. नव्वदीचे होते, शांतपणे गेले. सेक्रेटरींनी हेलावल्या मनाने फोन उचलला आणि रिकाम्या जागा भरल्या. 'आपल्या सर्वांचे लाडके तळमजल्यावरचे आजोबा यांनी जगाचा निरोप घेतला, याबद्दल रहिवासी मंडळातर्फे शोक. त्यांचे हे कार्य सर्वांना प्रेरणादायी असून आम्हीही त्यांच्याच पावलावर पाऊल टाकण्याचा प्रयत्न करू.' शोक आहे म्हणून मेहुण्याने सांगितल्याप्रमाणे चित्र काळंपांढरं केलं. तिन्ही गोल काळेपांढरे.

लोक मजकूर वाचत नाहीत, हे पंपाने शिकवलं होतंच. त्यांनी तीन काळेपांढरे गोल पाहिले आणि इमारतीवर एकाच दिवशी केवढा घाला पडला म्हणून हळहळले. अध्यक्षांच्या दुकानातल्या नोकरांनी शटर ओढून घेतलं. सेक्रेटरींच्या घरचा फोन वाजू लागला. पहिला फोन त्यांच्या कार्यालयातल्या जुन्या सहकाऱ्याचा.

"वहिनींना द्या जरा."

"अरे, मी बोलतोय."

"मी कोण?"

"मी! मी स्वतः!"

"असू दे, धक्क्यात माणूस असं बरळतो. वहिनींना द्या. त्यांना म्हणावं, धीर धरा. माणूस तसा बरा होता."

"तसा?" सेक्रेटरी ओरडले. "तसा म्हणजे कसा?" पण पलीकडच्याने दुःखाचा आवेग समजून फोन ठेवून दिला होता. दिवसभर सेक्रेटरींनी स्वतःच्या मृत्यूच्या सांत्वनाचे फोन घेतले. त्यातून त्यांना कळलं ते असं की, ते तसे बरे होते, थोडे चेंगट होते, पण मनाने वाईट नव्हते, आणि एका गृहस्थांची छत्री त्यांच्याकडे राहिली होती.

संध्याकाळी कहर झाला. त्यांच्या जुन्या कार्यालयाने आपल्या पेजवर श्रद्धांजली वाहिली. सेक्रेटरींनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. 'त्यांच्या जाण्याने कार्यालयाची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे. ते मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष व वक्तशीर होते.' शब्द ओळखीचे वाटले. वाटणारच. हा मसुदा त्यांचाच होता. वीस वर्षांपूर्वी, कधीही वेळेवर न येणाऱ्या एका शिपायासाठी त्यांनी तो लिहिला होता आणि मग खणात ठेवून दिला होता. शिपायानंतर दोन कारकून, एक उपसंचालक आणि आता ते स्वतः.

त्यांनी तो मजकूर पुन्हा वाचला. त्यात फक्त आपल्याबद्दल असा एखादा तरी शब्द सापडेल म्हणून शोधला. नव्हता. सेक्रेटरींना वाईट वाटलं. मेल्याचं नव्हे, त्याची दिवसभरात सवय झाली होती. आपल्यासाठी कुणाला एक वाक्यही नवं करावंसं वाटलं नाही, याचं वाटलं. आणि कुणाला बोल लावायची सोयही नव्हती.

सिस्टर पाठीमागून वाचत होत्या. "सुटसुटीत लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कुणी लिहिलं?"

"मीच," सेक्रेटरी म्हणाले.

सिस्टर कप उचलून आत गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "शेवटचा आठवडा आहे हं माझा."

ती श्रद्धांजली काढून टाकायला सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी जातीने कार्यालयात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता एक तरतरीत बाई होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या, त्यांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतल्यावर अतिशय आदराने म्हणाल्या, "सर, मजकुरातली चूक दुरुस्त करायला संबंधित व्यक्तीच्या नातेवाइकाचा अर्ज लागतो. तुम्हीच नियम केलाय."

"पण संबंधित व्यक्ती समोर बसलीय!"

"तीच अडचण आहे, सर. मयताने स्वतः अर्ज करावा, असा नमुनाच नाही."

सेक्रेटरींना तशाही अवस्थेत अभिमान वाटला. किती पक्का नियम केला होता आपण! इकडून तिकडे मुंगी शिरायची नाही. अखेर मध्यम मार्ग निघाला. श्रद्धांजली तशीच राहिली आणि तिच्याखाली दुसरी पोस्ट आली: 'माजी हेडक्लार्क हयात असल्याचे निदर्शनास आले असून त्याची नोंद घेण्यात आली आहे.' त्यावर कुणीही अभिनंदन केलं नाही.

घरी येताच सेक्रेटरींनी मंडळाची बैठक बोलावली आणि टेम्प्लेट बदलायचा विषय मांडला. आजोबांच्या मुलाने 'बाबांना मेल्यावरही या दोघांच्या मध्ये बसावं लागलं' असं जिन्यात म्हटल्याचं दंतवैद्य बाईंनी सांगितलं. पण अध्यक्ष ऐकायलाच तयार नव्हते. ते स्वतः गेल्याच्या बातमीने त्यांच्याबद्दल गावभर चांगलं बोललं गेलं होतं आणि शटर पुन्हा उघडल्यावर दुकानात गर्दी उसळली होती.

"लोक ओळखतात आता आपल्याला," ते म्हणाले. "चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?"

प्राध्यापकांनी ठरावाची आठवण करून दिली. सर्वसाधारण सभेला पंधरा दिवसांची सूचना लागते. सिस्टरांची निवृत्ती शुक्रवारी होती.

म्हणजे आता दोनच वाटा होत्या. एक तर ठराव मोडायचा आणि चार ओळी खरंच लिहायच्या, नाही तर रिकाम्या जागा भरायच्या. सेक्रेटरी खरोखर लिहायला बसले. त्यांच्या बाजूने एवढं तरी नोंदवलं पाहिजे. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'विषय: आपली निवृत्ती. संदर्भ: आपला विवाह.' मग ते फाडलं. 'उपरोक्त महिलेस मी दीर्घकाळ ओळखत असून तिची वर्तणूक चांगली आहे.' तेही फाडलं. 'मनमिळाऊ' लिहिलं आणि त्यांना तो शिपाई आठवला. बायको समोरून येत-जात होती, भाजी निवडत होती, फोनवर कुणाला तरी औषधाच्या वेळा सांगत होती. इतकी वर्षं समोर असलेल्या माणसाबद्दल लिहायला बसावं आणि हाताला फक्त खणातले शब्द लागावेत! सेक्रेटरींना स्वतःची भयंकर चीड आली. मेहुण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "भाऊजी, टेम्प्लेट आहे ना? कशाला डोक्याला ताप?"

शुक्रवारी सकाळी सेक्रेटरींनी रिकाम्या जागा भरल्या. ठराव आहे, आपण तरी काय करणार, अशी स्वतःची समजूत घातली आणि बटण दाबलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते त्या दिवशी उजव्या गोलाबाहेर पाहायला मिळालं असतं.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या सभागृहात छोटा समारंभ होता. सिस्टरांच्या रुग्णालयातल्या तरुण नर्सेस आल्या होत्या, काही ड्यूटीवरून थेट, काही ड्यूटीवर जायच्या आधी. माइक शिट्ट्या मारत होता. अध्यक्षांनी तो हातात घेतला आणि फोन डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचलं:

"आपल्या सर्वांचे लाडके सिस्टर यांनी नोकरीतून निवृत्ती पत्करली, याबद्दल रहिवासी मंडळातर्फे अभिनंदन. त्यांचे हे कार्य सर्वांना प्रेरणादायी असून आम्हीही त्यांच्याच पावलावर पाऊल टाकण्याचा प्रयत्न करू."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत एक नर्स दुसरीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघींनी ओठ दाबले. सिस्टरांनी अध्यक्षांच्या हातातला फोन घेतला, स्वतः वाचला आणि परत दिला.

"म्हणजे इतकी वर्षं काम केलं ते नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "आज सोडलं ते प्रेरणादायी."

लोक हसले. सिस्टरही हसल्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "छान आहे."

विवाहित माणसाला 'छान'चे पुष्कळ प्रकार ठाऊक असतात. भांडणाचं 'छान' असतं, टोमण्याचं असतं, ती सगळी सेक्रेटरींनी पचवली होती. हे तसलं नव्हतं. आपण पुष्कळ मागितलं, चूक आपलीच, असं स्वतःशी म्हणून मिटवून टाकलेलं ते 'छान' होतं. प्राध्यापक भाषणाला उभे राहत होते, म्हणजे वेळ भरपूर होता. सेक्रेटरी हळूच सभागृहाबाहेर सटकले आणि पत्रपेट्यांजवळच्या पायरीवर बसले.

त्यांनी पेज उघडलं. पिवळ्या चौकटीच्या शेजारी एक साधा, पांढरा, कोरा चौकोन होता. टेम्प्लेट आल्यापासून तो कुणी वापरलाच नव्हता. विषय नाही, संदर्भ नाही, गोल नाहीत. त्यांनी एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून जे खरं होतं तेच लिहिलं. दोनदा चुकलं, ते तसंच ठेवलं. आणि पुन्हा वाचलं तर धीर होणार नाही, हे ओळखून त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

ते आत आले तेव्हा प्राध्यापक सेवेच्या संकल्पनेची व्युत्पत्ती सांगत होते. एकेका खिशात, एकेका पर्समध्ये फोन गुरगुरू लागले. आधी नर्सेसच्या रांगेत माना फोनवर झुकल्या. मग दंतवैद्य बाईंनी चष्मा वर केला. अध्यक्षांनी फोन पाहिला, उलटा करून पाहिला.

"यात फोटो कुठे आहेत?" ते म्हणाले.

"हे ठरावाचं सरळसरळ उल्लंघन आहे," प्राध्यापक माइकवरूनच म्हणाले.

"खाली बसा," सिस्टर म्हणाल्या. हा आवाज वॉर्डातला होता. त्याच्यापुढे शल्यचिकित्सकही खाली बसत. प्राध्यापक बसले. "मला वाचू द्या."

त्यांनी वाचलं:

'माझी बायको आज निवृत्त झाली. रात्रपाळी करून ती सकाळी घरी यायची. मी पहाटेपासून खिडकीत बसून वाट बघायचो आणि ती कोपऱ्यावर दिसली की पळत जाऊन पांघरुणात शिरायचो आणि मोठमोठ्याने घोरायचो. तिच्या नोकरीपायी माझी झोप जाते, असं तिला वाटू नये म्हणून. उद्यापासून घोरायचं कारण उरलं नाही. पण सकाळी जाग येणारच. तेव्हा काय करायचं, ते तिने सांगावं.'

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. अभिनंदनही केलं नाही. सेक्रेटरी दाराशी उभे होते आणि आपली वस्त्रं कुणीतरी काढून नेल्यासारखं त्यांना वाटत होतं. सिस्टरांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपेत घोरत नाही."

"काय?"

"कधीच नाही. झोपेत तुम्ही 'माहितीसाठी सविनय सादर' म्हणता. घोरायचात ते फक्त मी कुलूप उघडताना. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला."

सेक्रेटरी जागच्या जागी लालबुंद झाले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ओशाळून बसायचं थांबला असतात," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डात रात्र कशीही गेलेली असो, कुणी वाचलेलं असो, कुणी हातातून गेलेलं असो, कोपऱ्यावरून वळलं की वर खिडकीत तुमचं टक्कल दिसायचं. ते एकदम खाली जायचं, आणि मग मी जिना चढायला लागायचे."